ताईचा हात लागला की…

फोन आला तेव्हा मी जुरोंग ईस्टच्या ऑफिसात जेवणाचा डबा धूत होते. पलीकडून ताईचा आवाज, अगदी रोजचा, भाजी कुठली आणू विचारावं तसा. "मंजू, हे गेले. आत्ता हॉस्पिटलमधून फोन आला. मी आंघोळीपुरती घरी आले आणि तेवढ्यात… तू परस्पर तिकडे ये. मीही टॅक्सी बोलावलीय, गाडी सुरू होत नाहीये." मी म्हटलं, "कोण गेलं?" बघा म्हणजे! कितीतरी महिने आम्ही सगळे त्याच फोनची वाट बघत होतो आणि तो आल्यावर मी खुळ्यासारखं विचारतेय, कोण गेलं. ताई म्हणाली, "तुझे भावोजी. आणि बॅटरीही." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आपल्याकडे म्हणतात. बरं. मग मी गाडीबद्दल बोलते, तिच्याबद्दल वाईट बोलायला कुणाची ना नसावी. शिवाय गाडीचं सांगितलं की भावोजींचं वेगळं सांगायला उरत नाही. आणि हे सगळं मी ताईला विचारून लिहितेय. तिला म्हटलं, पुरवणीसाठी लेख मागितलाय, खरं लिहू की शोभेचं? ती भात निवत ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, "खरं लिही. त्यांनी माझं उणं चारचौघांत काढलं, आता सगळंच चारचौघांत होऊ दे."

अविनाश भावोजी कोण, हे इथल्या, या परक्या देशातल्या, निम्म्या मराठी घरांना सांगायला नको. नोकरी आयटीतली, पण जीव इंजिनात. पुण्याहून नवं आलेलं जोडपं असो नाहीतर क्लेमेंटीला खोली घेऊन राहणारा संशोधक असो, कुणी जुनी गाडी घेतली आणि ती कुरकुरली की पहिला फोन भावोजींना. "इंजिन आधी खोकतं की आधी थरथरतं? फोन बॉनेटजवळ धर. हं… आता जरा रेस दे." फोनवरूनच निदान! शनिवारी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून स्वतः जायचे, हात काळे करायचे, चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. निदान चुकलं तर मोकळेपणी म्हणायचे, "च्यायला, गाढव मी! चुकलंच माझं." शोकसभेत एकामागून एक लोक उठले आणि म्हणाले, देवमाणूस. मी मुकाट मान डोलावली. बाहेर देवमाणूस असणं सोपं असतं हो, बाहेर फक्त शनिवारची दुपार काढायची असते.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक चंदेरी सेडान, दुसऱ्याने वापरून कंटाळलेली. इथे गाडी दहा वर्षांची झाली की तिचा परवाना संपतो. मग ती मोडीत काढा, नाहीतर पुन्हा परवाना घ्या. म्हणून शहाणा माणूस म्हातारी गाडी घेत नाही. भावोजींनी मुद्दाम घेतली. "नव्या गाडीत मला करण्यासारखं काय आहे?" म्हणाले. पुंगोलच्या त्यांच्या ब्लॉकच्या कारपार्कमध्ये रीतसर पूजा झाली. चाकाखाली लिंबू, आणि नारळ प्लास्टिकच्या पिशवीत धरून फोडला, उगाच पाणी सांडून कुणाची तक्रार नको. डॅशबोर्डवर त्यांच्या आईने नाशिकहून पाठवलेला पितळी गणपती बसवला. आईची एकच अट होती, देवापुढे अंधार ठेवायचा नाही. भावोजींनी लगेच गणपतीच्या मागे एक चिमुकला पिवळा बल्ब बसवला, जुन्या पद्धतीचा, तारेचा. एलईडीचा पांढरा उजेड त्यांना चालेना. "देव आहे की दवाखाना?" आणि गाडी बंद असली तरी तो जळत राहावा म्हणून वायर थेट बॅटरीवरून आणली, फ्यूजच्या डब्याला वळसा घालून. नंदादीपच तो. आम्ही सगळ्यांनी हात जोडले, मीसुद्धा.

गाडीने पहिल्याच वर्षी गुण दाखवायला सुरुवात केली. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, चढावर दम टाकायची, आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा डोळे वटारायचा. भावोजींना गुदगुल्या. एका रविवारी मी गेले तर ताई ड्रायव्हरच्या जागेवर पाय आवळून बसलेली आणि हे बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडताहेत. "दाब… सोड… अगं दाब म्हटलं की दाबायचं, विचार नाही करायचा!" शेजारच्या गाडीत बसलेल्या बाईने काच वर केली. भावोजी चालू इंजिनाच्या एकेका सिलिंडरचा कॉइल, म्हणजे ठिणगीला वीज पुरवणारा भाग, काढत होते. मला समजावून सांगितलं, आणि समजावणं त्यांना फार सुरेख जमायचं. चांगल्या सिलिंडरचा कॉइल काढला की इंजिन आणखी लडखडतं. जो काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. तिसऱ्या कॉइलला इंजिनाचा सूर जरासुद्धा बदलला नाही. "हा बघ, सापडला आयतोबा!" नवा कॉइल घातल्यावर गाडी शहाण्यासारखी चालू लागली, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या वेळी त्यांचं कौतुक वाटलं.

त्याच महिन्यात आमची आई आजारी पडली म्हणून ताई पुण्याला गेली. परत आल्यावर तिने चार घरांना जेवायला बोलावलं. मसालेभात, अळूची भाजी, घरी केलेलं श्रीखंड… ती वाढत होती. कुणीतरी सहज विचारलं, "शुभावहिनी नव्हत्या, तुमचे हाल झाले असतील?" भावोजींनी आधी कॉइलची गोष्ट सांगितली, रंगवून, हातवारे करून. आणि मग शेवटी म्हणाले, "तसं हिलाही काढून बघितलं. इंजिनाला काही फरक पडला नाही." पंगत खो खो हसली. ताई भाताचा वाडगा घेऊन उभी होती. तिने पुढच्या पानात भात वाढला, मूद नीट पाडली, वर तूप सोडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "भावोजी, मग एकदा तुम्हालाही काढून बघू या का?" सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. टाळीसुद्धा दिली. असे होते बघा, दुसऱ्याने मारलेला टोलाही त्यांना आवडायचा, फक्त बायकोने मारायचा नाही.

ताईने पन्नाशीत इथलं लायसन्स काढलं. फुटपाथच्या कडेला चाक लागलं, वळताना खांद्यावरून बघायचं राहिलं, अशा कारणांनी बऱ्याचदा नापास झाली, तरी पुन्हा पुन्हा जात राहिली. ज्या दिवशी पास झाली त्या दिवशी मला फोन करून रडली. भावोजी म्हणाले, "परीक्षक दमला असेल." तरीही ती गाडी घेऊन बाहेर पडायला लागली. बाजारहाट, देऊळ, पलीकडच्या ब्लॉकमधल्या मैत्रिणीकडे. लहान लहान फेऱ्या, पण तिच्या चालण्यातच फरक पडला होता. किल्ली बोटात फिरवत यायची. मला म्हणाली होती, "मंजू, आयुष्यात पहिल्यांदा मी निघते म्हटलं आणि निघाले."

आणि मग बॅटरी उतरायला लागली. शनिवार-रविवारी भावोजी गाडी लांब पळवायचे तेव्हा ठीक. सोमवारपासून ताई नेणार, आणि गुरुवार-शुक्रवार आला की किल्ली फिरवल्यावर नुसतं टक् टक् टक्. भावोजी तपासाला लागले. बॅटरी बदलली. बॅटरी भरणारा अल्टरनेटर बदलला. गाडीचा वायरिंगचा नकाशा छापून आणला आणि कंपनीने घातलेली प्रत्येक वायर बोटाने चाचपून पाहिली. सगळी ठीक. म्हणजे उरलं कोण? ताई. "तू आतला दिवा चालू ठेवतेस." "नाही ठेवत." "मग डिकी नीट लावत नसशील." "लावते, अहो, दोनदा ओढून बघते." "शुभा, मी चालवतो तेव्हा उतरत नाही, तू चालवतेस तेव्हा उतरते. यात वादाला जागा कुठे आहे?" लेक इरा इथल्या इंग्रजीत मधे पडली, "बाबा, इट्स जस्ट अ बॅटरी, लाह." तर तिलाही गप्प केलं. पुढे हे घरापुरतं राहिलं नाही. कुणाकडेही गेलं, गाडीचा विषय निघाला की वाक्य ठरलेलं, "हिचा हात लागला की बसली म्हणून समजा." लोक हसायचे. ताई गाडी लावल्यावर तिच्याभोवती फेऱ्या मारायला लागली, दारं ओढायची, काचेतून आत डोकावायची, पार वर घरात जाऊन पुन्हा खाली यायची. आणि एके दिवशी तिने किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. "घ्या. मला नको." भावोजींनी ती खिशात टाकली. त्यानंतर ताई बसने जायला लागली. माझ्याशी एकदाच बोलली त्यावर. म्हणाली, "मी काही करत नाही गं. पण आता मलाच खात्री वाटेनाशी झालीय."

मग भावोजींना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. माणूस महिन्याभरात निम्मा झाला. ताईच्या हातात किल्ली परत आली ती अशी, कारण त्यांना क्लच-ब्रेक सोडाच, भरलेला पेलाही पेलवेना. हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. जवळचीच फेरी, त्यात गाडी दिवसचे दिवस उभी. बॅटरी पुन्हा उतरायला लागली. आणि भावोजी पुन्हा सुरू. आवाज खोल गेला होता, पण धार तीच.

एका रविवारी सकाळी त्यांनी ठरवलं की आज छडा लावायचाच. मला बोलावून घेतलं. कारपार्कमध्ये गाडीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसले, इथल्या उकाड्यात स्वेटर घालून. बॅटरीला मीटर लावून घेतला. "मीटर मंजूकडे दे. तुला आकडे कळणार नाहीत." दार उघडं ठेवून त्याच्या खटक्यात स्क्रूड्रायव्हर घालायला लावला, म्हणजे दार बंदच आहे असं गाडीला वाटतं आणि ती झोपी जाते. मग मीटरवर दिसतं की झोपेत कोण वीज पितंय. ताईने वाकून एकेक फ्यूज काढायचा, मी आकडा सांगायचा. "फरक नाही, भावोजी." "पुढचा." "नाही." "पुढचा. अगं तो नव्हे, त्याच्या खालचा! डोळे आहेत की बटणं?" ताईचा पदर घामाने पाठीला चिकटला होता. फ्यूजचा डबा रिकामा झाला आणि आकडा जागचा हलला नव्हता. भावोजींनी डोळे मिटले. "म्हणजे तूच काहीतरी…" एवढंच बोलले आणि त्यांना धाप लागली.

ताई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. तिची नजर डॅशबोर्डवर गेली. गणपतीकडे बघत राहिली थोडा वेळ… नमस्कार करतेय असं वाटलं मला. मग तिने हात पुढे केला आणि त्याच्या मागचा बल्ब वायरीसकट उपटला. मी ओरडलेच, "अगं उतरला! आकडा उतरला! काय काढलंस?" ताईने मूठ उघडून दाखवलं. बल्ब अजून कोमट होता, मी हात लावून पाहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गाडीतली प्रत्येक वायर संशयित धरणाऱ्या माणसाने एवढा एकच वगळला होता, कारण तो त्यांच्या लेखी बल्ब नव्हताच, देव होता. नकाशात तो कुठून असणार? भावोजींची लांब फेरी त्याने प्यायलेलं भरून काढायची, ताईच्या छोट्या फेऱ्यांना ते जमत नव्हतं. एवढीच भानगड होती. एवढीच!

मला वाटलं, आता हसतील. कपाळावर हात मारतील, म्हणतील, च्यायला, गाढव मी. परक्यांच्या कारपार्कमध्ये शंभरदा म्हणाले होते. ताई त्यांच्याकडे बघत उभी होती, हातात तो बल्ब. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही, शाळेत निकाल लागायच्या वेळी असायचा तसा होता. भावोजींनी बल्बकडे बघितलं. मग तिच्याकडे. आणि म्हणाले, "रोज हात जोडत होतीस ना त्याच्यापुढे? एवढ्या दिवसांत तुला नाही दिसला?"

"लाव परत," भावोजी म्हणाले. "अंधार ठेवणार नाही असं आईला सांगितलंय मी." तिने लावला. मला राहवेना. "भावोजी, हे अती होतंय." तर माझ्याकडे वळून म्हणतात, "मेहुणीबाई, मीटर बंद करा. त्याचीही बॅटरी उतरेल." मरायला टेकलेला माणूस, आणि जीभ बघा. मी हसू दाबलं, आणि त्याचाही मला नंतर फार संताप आला.

त्यानंतर एका सकाळी मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलला निघाले होते. भावोजी भिंतीला धरून धरून गाडीपर्यंत आले, बसले, पट्टा ताईने लावला. तिने किल्ली फिरवली. टक् टक् टक्. तिने पुन्हा फिरवली नाही, टॅक्सीलाही फोन लावला नाही. हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसली. भावोजी खिडकीतून बाहेर, समोरच्या खांबाकडे बघत होते. मी मागे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी भावोजी म्हणाले, "टॅक्सी बोलाव." ताई म्हणाली, "हो, बोलावते." आणि मी भाबडेपणाने मनात म्हणत होते, काय एकेकाचं नशीब, गाडीनेसुद्धा आजच दगा द्यावा!

दिवसकार्य झालं, माणसं पांगली, तेव्हा मी ताईला विचारलं. "तुला माहीत होतं ना बल्बचं? मग रात्री काढून ठेवायचास. सकाळी लावायचास." ती साड्यांच्या घड्या घालत होती. "त्यांनी लाव म्हणून सांगितलं होतं." "अगं पण आजारी माणूस, उभं राहवत नव्हतं त्यांना. टॅक्सी येईपर्यंत किती वेळ…" "मंजू," ती म्हणाली, "त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं. 'शुभा, तुझी चूक नव्हती.' झालं. मला माफी नको होती, कौतुक नको होतं. त्याच मिनिटाला मी तो बल्ब काढून फेकला असता. हॉस्पिटलला निघताना दर वेळी मी किल्ली फिरवायचे आणि त्यांच्याकडे बघायचे. म्हणायचे, आज बोलतील." "त्यांना कळत होतं? तू मुद्दाम ठेवतेस ते?" ताई हसली. "इंजिनाच्या आवाजावरून पुढच्या ब्लॉकमधली गाडी ओळखायचे ते. कळत नसेल?" मी विचारलं, "मग एकदाही नाही बोलले?" "बोलायचे की. टॅक्सी बोलाव म्हणायचे."

मला त्या क्षणी माझ्या ताईची भीती वाटली. लहानपणी माझ्या वेण्या घालणारी ही बाई, ओवाळताना निरांजन विझलं तरी जिच्या डोळ्यांत पाणी यायचं ती, एका मरणाऱ्या माणसाला दर फेरीला त्याच्याच चुकीत नेऊन बसवत होती. आणि तो माणूस! असह्य दुखत असताना, पाय लटपटत असताना तो टॅक्सीची वाट बघत उभा राहिला, पण ते वाक्य म्हणाला नाही. भावोजींचा मला राग येतो, अजून येतो. आणि मग तो स्वेटर आठवतो, त्याच्या लोंबणाऱ्या बाह्या. कुणाची बाजू घेऊ? घ्यायला गेले की दुसरं माणूस समोर येऊन उभं राहतं. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये त्यांच्याजवळ फक्त नर्स होती. ताई पोचली तेव्हा चादर ओढलेली होती. तिने ती खाली केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघत राहिली, की मला वाटलं, अजूनही ही वाटच बघतेय.

बल्ब आता नाही. इराने वायर मुळापासून काढून टाकली. बॅटरी नवी आहे, गाडी ठणठणीत आहे. परवा मला बाजारात जायचं होतं म्हणून ताई म्हणाली, चल, मी सोडते. तिच्या शेजारचं दार उघडलं तर ती सीट पार मागे झोपवलेली. शेवटी शेवटी भावोजींना ताठ बसवायचं नाही, म्हणून तिने तशी केली असणार. मी बाजूचा खटका शोधायला हात घातला तर ताई म्हणाली, "राहू दे तशीच." मग मी तशीच आडवी झाले. त्या सीटमधून रस्ता दिसत नाही, डॅशबोर्ड दिसत नाही. गाडीचं छत दिसतं आणि चालवणाऱ्याचा चेहरा दिसतो, बस. भावोजींना दर वेळी एवढंच दिसत असणार.

ताईने किल्ली घातली. फिरवताना तिने समोर बघितलं नाही, खाली माझ्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, भुवया किंचित वर, डोळे टक्क लावलेले… गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. आणि ताईचा चेहरा पडला. एवढंसं झालं तिचं तोंड. इंजिन छान सुरात चालू होतं. मग म्हणाली, "पट्टा लाव," आणि गाडी मागे घेतली.